बाईंचा प्रभाव मोजायचा कसा? इरावती कर्वे आणि त्यांच्यानंतरचे विद्यार्थी

पेट निघाली, कोर्सवर्क संपत आलं, आता सिनॉप्सिससाठी विषय पाहिजे. या टप्प्यावर असलेले रिसोड, मालेगाव, मेहकरकडचे विद्यार्थी मला जे विषय कळवतात, त्यात एक विषय हमखास असतो: गावातल्या एखाद्या बाई. तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, पोरं घडवली, आज त्यांचे विद्यार्थी कुठे कुठे पोहोचले आहेत. शीर्षकही तयारच असतं. 'श्रीमती अमुक यांचे शैक्षणिक योगदान: एक अभ्यास'.

विषय चांगला आहे. अडचण शीर्षकात आहे. 'योगदान' हा शब्द वापरला की उत्तर आधीच देऊन झालं. मग उरतं काय, तर त्या उत्तराला शोभतील असे पुरावे गोळा करणं. समितीत कुणी साधा प्रश्न टाकला, "योगदान नव्हतं असं निघालं तर काय लिहाल?", तर तुमच्याकडे सांगायला काही नसतं. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर येऊच शकत नाही, त्याला संशोधनाचा प्रश्न म्हणता येत नाही.

म्हणून आजचा लेख एका वेगळ्या प्रश्नावर. एखाद्या शिक्षिकेचा तिच्या विद्यार्थ्यांवर टिकून राहिलेला प्रभाव संशोधकाने ओळखायचा कसा? उदाहरण मी पुण्याचं घेतोय, इरावती कर्वे यांचं. कारण सरळ आहे. तिथे शिक्षिकेचं लिखाण छापील आहे, तिच्या शिक्षकांची मतं छापील आहेत आणि तिच्यानंतरच्या लोकांचं कामही छापील आहे. माझं म्हणणं पटलं नाही तर तुम्ही स्वतः वाचून खोडू शकता. शेवटी आपण रिसोडला परत येऊ आणि तुमच्या गावातल्या बाईंवर हीच पद्धत कशी लावायची ते बघू.

आठवणीतल्या इरावतीबाई

आधी थोडी माहिती, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणूनच ठाऊक असतात. इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. शिक्षण पुण्यात, मग मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे, मग बर्लिनमध्ये पीएचडी. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि १९७० मध्ये जाईपर्यंत तिथेच शिकवत राहिल्या. मानवशास्त्र आणि समाजशास्त्र हे त्यांचे विषय. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे नातेव्यवस्थेवरचं पुस्तक १९५३ चं, 'हिंदू सोसायटी' १९६१ चं, 'युगान्त' १९६७ चं. 'युगान्त'ला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता त्यांच्याविषयी मराठीत जे आठवणीवजा लिहिलं-बोललं जातं ते आठवून बघा. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. नवऱ्याला नावाने हाक मारायच्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई. वारीत पायी चालल्या आणि त्यावर लिहिलं. उंच, ठाम, स्पष्ट बोलणाऱ्या. हे सगळं वाचायला छान वाटतं आणि यातलं काही खोटंही नाही. पण यातून त्या शिक्षिका म्हणून काय होत्या हे कळतं का? वर्गात त्यांनी काय शिकवलं, कोणता प्रश्न विद्यार्थ्याच्या डोक्यात घातला, त्यांच्याकडून शिकलेला माणूस पुढे वेगळं काय करू लागला? यातलं काहीच कळत नाही.

गंमत अशी की ही अडचण बाईंना स्वतःला पुरती ठाऊक होती. त्यांचा 'परिपूर्ती' हा ललित लेख वाचा. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती अमुकांची मुलगी, अमुकांची सून, अमुकांची पत्नी अशी. त्यांना वाटत राहतं की या ओळखीत काहीतरी राहून गेलं. मग रस्त्यात शाळेतली पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. लेख हसत हसत लिहिलेला आहे, पण संशोधकाने त्यातलं एक टोचणारं वाक्य स्वतःशी तयार करावं: नात्यांची एवढी मोठी यादी झाली, तरी तीत 'अमुकांची शिक्षिका' कुठे आहे?

स्त्री-शिक्षकांवरचं आपल्याकडचं स्मरणलेखन बहुतेक याच चाकोरीतून जातं. आईसारखं प्रेम केलं, डबा दिला, फी भरली. हे सगळं केलेलं असतं, त्याची किंमत आहेच. पण पुरुष प्राध्यापकावर लिहिताना आपण 'त्यांनी अमुक सिद्धान्त मांडला' असं लिहितो आणि बाईंवर लिहिताना 'त्यांनी माया लावली' असं लिहितो. हा फरक सिनॉप्सिसमध्ये तसाच उतरला तर तुमचं संशोधन बाईंना पुन्हा एकदा शिक्षिका या यादीतून वगळतं.

उलट टोक: 'त्यांना विद्यार्थीच नव्हते'

याच्या अगदी उलट मत अभ्यासकांमध्ये सापडतं. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांनी इरावतीबाईंच्या कामावर सविस्तर लेख लिहिलाय. त्यांचा एक प्रश्न असा की एवढं काम करूनही आजच्या समाजशास्त्रात हे नाव घुर्ये किंवा श्रीनिवास यांच्याइतकं का ऐकू येत नाही? त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी दोन आपल्या कामाची. एक, पुण्याचं केंद्र दिल्ली, मुंबई, कलकत्त्याइतकं वजनदार नव्हतं. दोन, बाईंचा वारसा पुढे चालवेल असा प्रभावी पीएचडी विद्यार्थ्यांचा गट त्यांच्यामागे नव्हता. घुर्यांकडे बघा: एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही त्यांच्याच विद्यार्थ्यांची नावं. घुर्यांचं नाव टिकण्यात या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि रिसोडसारख्या ठिकाणी बसून संशोधन करणाऱ्याला तर तो जास्तच लागू पडतो. चांगलं काम आणि टिकलेलं नाव यांच्यामध्ये संस्था असते, शहर असतं, प्रकाशक असतो, नोकरीला लागलेले विद्यार्थी असतात. तुमच्या बाईंचं नाव जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत नसेल तर त्यावरून त्यांचा प्रभाव कमी होता असं ठरत नाही. आणि त्यांच्या सत्काराला पाचशे माणसं आली म्हणून प्रभाव मोठा होता असंही ठरत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्मरणलेख म्हणतो प्रभाव अफाट, सुंदर म्हणतात वारसा चालवणारा गट नाही. दोन्हीकडे प्रभाव माणसांच्या संख्येत आणि नावाच्या वजनात मोजला जातोय. मला तिसरी मोजपट्टी सुचवायची आहे. विद्यार्थ्याच्या कामात शिरा आणि तीन गोष्टी शोधा: त्याने शिक्षिकेकडून काय उचललं, कुठे तो तिच्यापासून वेगळा झाला, आणि दोघांनाही काय दिसलं नाही. ही मोजपट्टी आधी खुद्द इरावतीबाईंना लावून बघू, कारण त्याही कुणाच्या तरी विद्यार्थिनी होत्या.

बर्लिनची विद्यार्थिनी

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगन फिशर यांच्याकडे पीएचडीला होत्या. फिशर हे वंशशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. सुप्रजननाचे कट्टर पुरस्कर्ते. नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला ज्या 'विज्ञाना'चा आधार दिला गेला त्यात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. त्यांच्या संस्थेत कवट्यांचे साठे होते, त्यात जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्या माणसांच्या कवट्याही होत्या.

बाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची असमानता, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी नसणं. अपेक्षा अशी होती की गोऱ्या युरोपीयांच्या आणि इतरांच्या कवट्यांत याबाबत फरक निघेल आणि तो वंशाच्या श्रेष्ठत्वाशी जोडता येईल. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आकडे बघितले. आणि लिहिलं की वंश आणि असमानता यांचा असा संबंध दिसत नाही.

जरा थांबा इथे. परदेशात एकटी आलेली पंचविशीच्या आतली विद्यार्थिनी. गाईड आपल्या क्षेत्रातला सर्वांत ताकदवान माणूस. गाईडला जे हवंय ते आकड्यांत नाही. आपल्यापैकी किती जण तसं लिहून देतील? एसपीएसएसमध्ये गृहीतक नाकारलं गेलं की 'सॅम्पल बदलून बघू का' असं विचारणारे आपण लोक.

पण इथेच टाळ्या वाजवून थांबलो तर पुन्हा तो स्मरणलेखच झाला. पुढचा प्रश्न विचारायला हवा: फिशरकडून बाईंनी उचललं काय? उचललं ते मोजमाप. भारतात परतल्यावर पुढची कित्येक वर्षं त्या माणसांची डोकी, नाकं, उंची मोजत राहिल्या, जातीजातींचे आकडे गोळा करत राहिल्या. श्रेष्ठ-कनिष्ठ वंश हा निष्कर्ष त्यांनी टाकून दिला, पण माणसांचे गट शरीराच्या मापांवरून समजून घेता येतात ही समजूत त्यांच्याकडे बराच काळ राहिली. अलीकडे तियागो पिंतो बार्बोसा यांनी बर्लिन ते पुणे या प्रवासावर काम केलंय. बाईंची नात उर्मिला देशपांडे आणि बार्बोसा यांनी मिळून लिहिलेलं 'इरू' हे चरित्र २०२४ मध्ये आलं. घरच्या माणसाने सहलेखन केलेल्या चरित्रातही हा अवघड भाग झाकलेला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

म्हणजे एकाच विद्यार्थिनीत गाईडला दिलेला नकारही आहे आणि गाईडची पट्टीही आहे. कुणी विचारलं, "फिशरचा इरावतीबाईंवर प्रभाव होता का?", तर 'हो' किंवा 'नाही' यापैकी एकच उत्तर देणारा प्रबंध कच्चा ठरेल.

कुंभाराचं चाक

आता बाईंचं स्वतःचं शिकवणं. त्यांची सर्वांत ठसठशीत कल्पना जातीविषयीची आहे. त्या काळी रूढ मत असं की आधी मोठ्या जाती होत्या आणि त्या फुटून पोटजाती झाल्या. घुर्यांची मांडणीही साधारण याच दिशेची. बाईंनी उलटं सांगितलं. आपण ज्याला 'कुंभार जात' म्हणतो ती फुटलेली एक जात नसून, वेगवेगळे, आपापसातच लग्नं करणारे गट एका धंद्याच्या नावाखाली शेजारी शेजारी आले आहेत. 'हिंदू सोसायटी'मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या कुंभारांचंच उदाहरण दिलंय: कुणाचं चाक मोठं, कुणाचं लहान, काम करण्याची रीत वेगळी, आणि एकमेकांत सोयरीक नाही. थोरचाके आणि लहानचाके ही नावंच ते सांगतात. बाईंच्या मते अभ्यासाचं खरं एकक म्हणजे हा आपापसात लग्न करणारा गट, आणि वरचं मोठं नाव म्हणजे अशा गटांचा समूह.

इथे बाईंनी दुसऱ्या गुरूलाही विरोध केला हे आलंच. पण विरोध करून त्या थांबल्या नाहीत, तपासायला निघाल्या. १९६८ साली 'करंट अँथ्रॉपॉलॉजी' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला: एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना. चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, कऱ्हाडे असे महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचेच आठ गट घेतले. तर्क असा: हे सगळे एका मूळ गटाचे तुकडे असतील तर शरीराच्या लक्षणांत ते एकमेकांसारखे दिसायला हवेत. तसे ते दिसले नाहीत. निबंधावर दोन नावं आहेत: इरावती कर्वे आणि त्यांचे विद्यार्थी कैलाश मल्होत्रा.

संशोधनाला लागणाऱ्यांनी या निबंधाची रचना समजून घ्यावी, निष्कर्ष पटो न पटो. 'दर्जा एकच' अशी अट घातल्यामुळे दर्जाचा परिणाम बाजूला काढता आला. आणि मांडणी चुकीची ठरण्याची शक्यता उघडी ठेवली होती. आठही गट सारखे निघाले असते तर बाईंचीच मांडणी अडचणीत आली असती. 'योगदान: एक अभ्यास'मध्ये नेमकी हीच जागा नसते.

विद्यार्थी पुढे कुठे गेला

बाई १९७० मध्ये गेल्या. मल्होत्रा पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि १९८० च्या सुमारास त्यांनी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यासोबत बरंच काम केलं. गाडगीळ हार्वर्डहून परिसरशास्त्र शिकून आलेले. पण पुण्यात त्यांचं आणि कर्वे कुटुंबाचं घरोब्याचं नातं, इरावतीबाईंना ते लहानपणापासून ओळखत होते.

या दोघांनी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या गटांच्या शिकारीचा अभ्यास केला: फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले. तिघंही एकाच मुलखात फिरतात, तिघंही शिकार करतात. मग भांडण का होत नाही? निघालं असं की फासेपारधी फास लावून हरीण, मोर, तितर, लावे पकडतात. वैदू सापळे लावून मुंगूस-उदमांजरासारखे लहान प्राणी आणि पाण्यातली कासवं-खेकडे घेतात. नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीमागे जातात. जंगल एक, वाटे वेगळे. १९८३ मध्ये गाडगीळ आणि मल्होत्रा यांनी हाच विचार जातिव्यवस्थेला लावून निबंध लिहिला: आपापसात लग्न करणारे गट वेगवेगळ्या संसाधनांवर जगत आले, म्हणून एकमेकांच्या आड कमी आले आणि संसाधन जपून वापरायला त्यांना कारण राहिलं.

आता आपली मोजपट्टी लावू. बाईंकडून काय आलं? माझ्या वाचनाप्रमाणे एकक आलं. 'जात' हे ढोबळ नाव न घेता अंतर्विवाही गट घ्यायचा, त्याचं काम, त्याचं हत्यार, त्याची रीत बारकाईने बघायची. कुंभाराच्या चाकाच्या जागी इथे फास, सापळा आणि कुत्रा आहे. वेगळं काय झालं? कवटी आणि नाक मागे पडलं. गट ओळखायला शरीराचं माप न लागता तो काय खातो, कशाने पकडतो, कुठे फिरतो हे लागलं. बाईंनी फिशरचा निष्कर्ष टाकला आणि पट्टी ठेवली. पुढच्यांनी या कामात पट्टी खाली ठेवली आणि बाईंचा प्रश्न पुढे नेला. मला विचाराल तर शिक्षिकेचा टिकाऊ प्रभाव म्हणतात तो हा. त्यात तिचं नाव प्रत्येक पानावर असावं लागत नाही.

पण लगेच निष्कर्ष लिहू नका. प्रभावाचा दावा करताना दुसरी कारणं तपासणं हे तुमचं काम आहे. एका परिसरात प्रत्येक जीवाची जगण्याची जागा वेगळी, ही कल्पना परिसरशास्त्रातली आहे. ती डेक्कन कॉलेजातून आली नाही, गाडगीळांच्या शिक्षणातून आली. शिवाय त्या दशकांत शरीरमापनाची पत जगभरच घसरत होती, म्हणजे पट्टी खाली ठेवण्याचं श्रेय एकट्या विद्यार्थ्याला देता येत नाही. हे सगळं वजा करून जे उरतं तेवढंच बाईंच्या नावावर लिहायचं. उरतं ते थोडं असतं, पण ते कुणी खोडून काढू शकत नाही.

जे दोघांनाही नीट दिसलं नाही

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि स्मरणलेखात तो कधीच येत नाही. शिक्षिकेच्या नजरेतली फट विद्यार्थ्याकडेही उतरते का?

'हिंदू सोसायटी' वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. वेगवेगळे गट शेजारी शेजारी नांदतात, प्रत्येकाला आपली रीत असते, नवा गट आला की त्याला कडेला जागा मिळते, असं ते चित्र आहे. वेगळेपण त्यात फार चांगलं दिसतं. पण गावात पाणी कुणाच्या विहिरीचं, जमीन कुणाच्या नावावर, मेलेलं ढोर कुणी ओढायचं आणि नाही म्हटलं तर काय व्हायचं, हा भाग मागे राहतो. असमानता बाईंना माहीत नव्हती असं मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की त्यांच्या मांडणीत तिला स्पष्टीकरणाची जागा किती आहे. फार थोडी.

आता १९८३ चा निबंध बघा. गटांनी संसाधनं वाटून घेतली. पण वाटणी केली कुणी? फासेपारध्याच्या वाट्याला फास आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला काळी कसदार जमीन आली, ही 'जुळवून घेण्याची' गोष्ट म्हणायची का? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढे त्याच्या कचाट्यात पारध्यांसारख्या जमाती सापडल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातला संशय अजून गेला नाही. वाशीम जिल्ह्यात पारध्यांच्या बेड्यावर जाऊन बसलात तर तुम्हाला जंगलाच्या वाट्यांइतकंच, किंबहुना आधी, हेच ऐकायला मिळेल. गाडगीळांनी नंतरच्या लेखनात विषमतेबद्दल लिहिलंय, ते वाचायलाच हवं. तरीही मूळ चौकटीत सत्तेचा प्रश्न मागाहून जोडल्यासारखा वाटतो. बाईंच्या चौकटीतही तसाच होता.

माझं मत असं: इरावतीबाईंचा प्रभाव जिथे सर्वांत खोल आहे तिथेच ही फट आहे. एकक उचललं तेव्हा एककाबरोबर नजरही आली. हे म्हणण्याने बाई लहान होत नाहीत. त्यांनी फिशरना आणि घुर्यांना जे केलं तेच आपण त्यांना करतोय.

आता रिसोड

समजा तुमच्या बाई रिसोड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांनी शोधनिबंध लिहिले नाहीत, त्यांच्या विद्यार्थ्यांनीही नाहीत. मग ही पद्धत लावायची कशी?

सुरुवात मेळाव्यापासून करू नका. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जे येतात ते मुळात बाईंवर प्रेम करणारे आणि येण्याजोगं काही जमलेले असतात. जो सातवीत शाळा सोडून पुण्या-मुंबईकडे कामाला गेला तो येत नाही. जिचं लग्न दहावीच्या आत लागलं ती येत नाही. ज्याला बाईंचा राग होता तोही येत नाही. फक्त आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या तर तुमच्या प्रबंधात बाईंचा एकही विद्यार्थी अपयशी ठरणार नाही. खऱ्या शाळेत असं होत नसतं.

म्हणून आधी शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघा. अर्थात मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, आणि प्रबंधात मुलांची नावं न देता. बाईंच्या हाताखालची एखादी तुकडी पूर्ण घ्या, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. दाखला कधी काढला, कारण काय लिहिलंय, ते उतरवा. मग त्या यादीतल्या शक्य तितक्या जणांपर्यंत पोहोचा, सोडून गेलेल्यांपर्यंत आधी. त्याच काळातली, त्याच शाळेतली, दुसऱ्या शिक्षकाची एक तुकडीही घ्या. इरावतीबाईंनी 'एकाच दर्जाचे' गट निवडले ते का, हे इथे उपयोगी पडेल. गाव एक, वर्षं तीच, शिक्षक वेगळे. तरच फरक बाईंमुळे पडला का हे विचारता येतं. तुकड्या शिक्षकांना कशा दिल्या जात होत्या तेही विचारून ठेवा. हुशार पोरं मुद्दाम एका वर्गात टाकली असतील तर सगळी तुलना कोसळते.

मुलाखतीत 'बाई कशा होत्या?' हा प्रश्न पहिला टाकू नका. उत्तर ठरलेलं येतं: कडक होत्या पण प्रेमळ होत्या. त्याऐवजी कामाचं विचारा. हिशोब कसा करता? मुलांचा अभ्यास घेता का, कसा घेता? एखादी गोष्ट खरी की खोटी हे कसं ठरवता? ग्रामसभेत बोलता का? बाईंनी सांगितलेली कोणती गोष्ट तुम्ही नंतर सोडून दिली, आणि का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ज्याला तो विचारल्यावर काहीतरी नेमकं आठवतं, त्याने बाईंकडून काय घेतलं तेही नेमकं सांगता येतं.

आणि तिसरा प्रश्नही विचारा. बाईंच्या वर्गात मागे कोण बसायचं? बेड्यावरची, तांड्यावरची पोरं कुठे बसायची, त्यांचं नाव बाईंना माहीत होतं का? हे विचारताना संकोच वाटेल, कारण त्या तुमच्याही बाई असतील. तरी विचारा. उत्तर चांगलं आलं तर ते पुराव्यानिशी लिहिता येईल, आणि वाईट आलं तर तेही लिहावं लागेल.

शीर्षकही मग आपोआप बदलतं. 'रिसोड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेतील दोन तुकड्यांचा पुढील जीवनप्रवास: शिक्षिकेच्या अध्यापनपद्धतीच्या संदर्भात तुलनात्मक अभ्यास'. लांबलचक आहे, कानाला गोड नाही. पण याचं उत्तर 'नाही'सुद्धा येऊ शकतं, म्हणून समितीसमोर ते टिकेल.

राहिला प्रश्न प्रेमाचा. ते कुठे लिहायचं? त्यासाठी प्रबंधात ऋणनिर्देशाचं पान आहे. तिथे डबा, फी, छडी, माया, सगळं मनापासून लिहा, कुणी अडवणार नाही. मात्र पहिल्या प्रकरणापासून बाईंचं म्हणणं इतर कुणाच्याही म्हणण्यासारखं तपासा. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा झाला की त्यात दोन ओळी अधोरेखित करून ठेवा: कोणता पुरावा मिळाला तर मी म्हणेन की प्रभाव होता, आणि कोणता मिळाला तर म्हणेन की नव्हता. या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर विषय बदलण्याआधी प्रश्न बदलून बघा.